सनद बघायची कशी?

मागच्या एक मेची गोष्ट. भंडाऱ्यात बिडी कामगारांचा मेळावा होता. मला भाषण करायचं नव्हतं, नुसतं ऐकायला बोलावलं होतं, त्यामुळे निवांत इकडेतिकडे बघत बसलो होतो. मंचामागे फ्लेक्स लावला होता. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी त्याच्या हाती ठेवावी, अशा अर्थाचं पैगंबर मुहंमद (स.) यांचं वचन त्यावर ठळक अक्षरांत होतं आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'सहीह बुखारी'. शेजारच्या बाईंनी ओठ हलवत ते सगळं वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाम त कवाचाच सुकला, साहेब. पयसे त अजून नाई आले."

त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण फ्लेक्सचा तो कोपरा डोक्यात बसला. घरी येऊन बुखारी, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा तो प्रसिद्ध संग्रह, काढली. मजुरी आणि भाडं यांच्यावर त्यात वेगळा अध्याय आहे, किताबुल इजारा. तो पुरा वाचला. हे वचन तिथे नाही. बाकीच्या बुखारीतही नाही.

आता 'म्हणजे खोटं!' असं म्हणून मोकळं होऊ नका. तीस वर्षं तलाठी म्हणून काम केलंय मी. एखादी नोंद या गावच्या दफ्तरात सापडली नाही म्हणून ती कुठेच नाही असं होत नाही, आणि सातबाऱ्यावर नाव दिसलं म्हणून ते बरोबरच असंही नाही. आपण फेरफार काढतो. जमीन कोणाकडून कोणाकडे आली, खरेदीने की वारसाने, नोंद कोणी घेतली, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की रद्द केली, हे सगळं गाव नमुना सहामध्ये असतं. एका गुंठ्यासाठी आपण तीन पिढ्यांचे फेरफार मागतो. पैगंबरांच्या नावावरचं वाक्य मात्र मोबाईलवर आलं की विचारपूस न करता पुढच्या दहा जणांना पाठवतो.

गंमत म्हणजे ही विचारपूस करायची भाषा आपल्याला पाठ आहे, फक्त ती तहसील कचेरीत अडकली आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनाची किंवा वागण्याची नोंद. तिचे दोन भाग असतात. एक मत्न, म्हणजे मूळ मजकूर. दुसरा सनद, म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला त्या माणसांची साखळी. सनद हा शब्द भोसल्यांच्या काळापासून इथल्या इनामदारांच्या पेटीत आहे. साखळी निर्दोष असली की हदीस 'सहीह'. आपण कागदावर करतो ती 'सही' याच शब्दातून आली. सांगणारा, म्हणजे रावी, जे ऐकतो ते किती घट्ट धरून ठेवतो, याला हदीसशास्त्रात 'जब्त' म्हणतात. आपल्या 'जप्ती'चं मूळ तेच, फक्त इथे वस्तूऐवजी शब्द ताब्यात राहतो. आणि बनावट हदिसेला 'मौजू' म्हणतात, म्हणजे कोणीतरी नेऊन ठेवलेली. सातबाऱ्यावरचं 'मौजे' त्याच धातूतून निघालेलं आहे.

तर फ्लेक्सवरच्या वचनाचा पत्ता. ते सापडतं 'सुनन इब्न माजा'त, तेही किताबुर्रुहून या गहाणवटीच्या अध्यायात. इब्न माजा (निधन ८८७) यांचा ग्रंथ सुन्नी परंपरेतल्या सहा मान्य संग्रहांपैकी एक. त्यांनी दिलेली साखळी अशी: आपल्याला अब्बास बिन वलीद दमिश्की यांनी सांगितलं, त्यांना वहब बिन सईद बिन अतिय्या यांनी, त्यांना अब्दुर्रहमान बिन जैद बिन अस्लम यांनी, त्यांना त्यांचे वडील जैद बिन अस्लम यांनी, त्यांना अब्दुल्लाह बिन उमर यांनी, आणि त्यांनी पैगंबरांकडून. पाच नावं. आता प्रत्येक नावाचा फेरफार काढायचा.

त्यासाठी रावींच्या चरित्रकोशांचं एक अख्खं दालन आहे. सामान्य वाचकाला सर्वांत सोयीचा ग्रंथ म्हणजे इब्न हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांचा 'तकरीब'. त्यात माणसागणिक दोन-तीन ओळी असतात: पूर्ण नाव, भरवशाचा किती, कोणत्या पिढीतला, निधनाचं वर्ष. भरवशाच्या बारा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. अब्दुल्लाह बिन उमर हे पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, तिथे प्रश्नच नाही. जैद बिन अस्लम (निधन हिजरी १३६) यांच्यापुढे 'सिका', म्हणजे विश्वासार्ह, विद्वान. आणि त्यांचा मुलगा अब्दुर्रहमान (निधन हिजरी १८२) यांच्यापुढे एकच शब्द, 'जईफ'. म्हणजे दुबळा. तो लबाड होता असा याचा अर्थ नाही. माणूस सज्जन असू शकतो, पण ऐकलेलं नीट सांभाळत नाही, नावं उलटीपालटी करतो, असं तपासणाऱ्यांना आढळलेलं असतं.

इथे थोडं थांबतो, कारण मला या शास्त्रातलं सर्वांत आवडलेलं हेच आहे. बाप पक्का आहे म्हणून मुलाला सवलत नाही. उलटंही नाही. अली बिन मदीनी (निधन हिजरी २३४) हे बुखारींचे गुरू, रावींच्या परीक्षेतलं सर्वांत मोठं नाव. त्यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांबद्दल विचारलं, तर आधी म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारा. लोकांनी हट्ट धरला तेव्हा मान खाली घातली आणि सांगितलं की हा धर्माचा मामला आहे, माझे वडील हदिसेत जईफ आहेत. तलाठ्याच्या नोकरीत मी सख्ख्या भावाच्या अर्जावर 'नामंजूर' लिहिणारी माणसं फार पाहिली नाहीत.

वहब बिन सईदवरही बोट ठेवलं गेलं. बूसीरी (निधन १४३६) यांनी इब्न माजाच्या ग्रंथाची खास छाननी केली आहे, त्यांनी ही सनद कमजोर ठरवली. पण मामला इथेही मिटत नाही. याच अर्थाची वचनं अबू हुरैरा आणि जाबिर यांच्या नावाने इतर साखळ्यांतून बैहकी, तबरानी यांच्या संग्रहांत आली आहेत. त्या साखळ्यांतही कुठे ना कुठे खोट आहे. मात्र चार कच्चे साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगत असतील तर तिचं वजन वाढतं, हे तत्त्व हदीसशास्त्र मानतं. म्हणून विसाव्या शतकातले अल्बानी (१९१४–१९९९) यांच्यासारख्या परीक्षकांनी सगळ्या साखळ्या शेजारीशेजारी ठेवून हे वचन स्वीकारलं.

मग बुखारीत मजुरीबद्दल काही नाहीच का? आहे, आणि फ्लेक्सवरच्या वचनापेक्षा कितीतरी जड आहे. अबू हुरैरा सांगतात की कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील: त्याच्या नावाने शब्द देऊन तो मोडणारा, स्वतंत्र माणसाला विकून ती रक्कम खाणारा, आणि मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याला मजुरी न देणारा. सहीह बुखारी, किताबुल इजारा. ज्या अध्यायात मी आधीचं वचन शोधत होतो, त्याच अध्यायात हे होतं. फ्लेक्स करणाऱ्याने कोपऱ्यातलं नाव बरोबर टाकलं असतं किंवा नावाला साजेसं वचन टाकलं असतं, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

तेव्हा तुमच्यासमोर हदीस म्हणून काही आलं तर पहिली गोष्ट पत्ता मागा. नुसतं 'हदीस में है' हा पत्ता नाही. ग्रंथ आणि त्यातला अध्याय हवा. क्रमांक दिला असेल तर उत्तम, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण आवृत्तीगणिक तो बदलतो. सहीह मुस्लिम एका पद्धतीने मोजली तर शेवटचा क्रमांक ३०३३ येतो, दुसऱ्या पद्धतीने तो सात हजारांच्या पुढे जातो. दोघंही बरोबर, फक्त एक जण पोटहिस्से वेगळे मोजतो. अध्यायाचं नाव मात्र सहसा बदलत नाही. शोधायचं असेल तर भाषांतरातल्या शब्दांनी शोधू नका. मराठीत, उर्दूत, इंग्रजीत प्रत्येकाने वेगळे शब्द वापरलेले असतात. मूळ अरबीतले तीन-चार शब्द कोणाकडून तरी लिहून घ्या आणि ते टाका. सुन्ना डॉट कॉमवर मुख्य संग्रह अरबी मजकुरासह आहेत. 'दुरर' या अरबी संकेतस्थळाच्या हदीसकोशात एकाच वचनावर वेगवेगळ्या परीक्षकांनी काय निकाल दिला ते एकाखाली एक दिसतं. हल्ली लोक मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारतात. मीही विचारून पाहिलं. त्याने ग्रंथ, क्रमांक, सगळं ठासून सांगितलं. तो क्रमांक उघडला तर तिथे वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, विषय निघाला.

दुसरी गोष्ट, ग्रंथ कोणत्या जातीचा आहे ते बघा. बुखारी (८१०–८७०) आणि मुस्लिम (निधन ८७५) यांनी आपल्या 'सहीह' ग्रंथांत फक्त सहीह घेण्याचं ठरवून निवड केली. बाकी चार, म्हणजे अबू दाऊद, तिरमिजी, नसाई आणि इब्न माजा, यांत सहीह आहेत, मध्यम आहेत आणि कमजोरही आहेत. तिरमिजी प्रामाणिकपणे बहुतेक हदिसेखाली आपला शेरा लिहितात. तो शेरा कापून हदीस पाठवणारे आपण. 'बुखारीत आहे' म्हणताना बुखारींचं कोणतं पुस्तक तेही विचारावं. 'अल-अदबुल मुफरद' हे शिष्टाचाराचं सुंदर पुस्तक त्यांचंच, पण त्याला 'सहीह'ची कडक अट लावलेली नाही.

आणि मग महासागरासारखे संग्रह आहेत. त्यातला एक आपल्या शेजारचा. रावेरवरून पुढे गेलं की बऱ्हाणपूर लागतं; तिथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अली मुत्तकी जन्मले. मक्केत जाऊन राहिले, १५६७ मध्ये तिथेच वारले. त्यांचा 'कन्जुल उम्माल' म्हणजे सेहेचाळीस हजारांवर वचनांचं विषयवार भांडार. सुयूती यांनी गोळा केलेलं त्यांनी लावून दिलं. हेतू होता की विद्वानाला एका विषयावरचं सगळं एका जागी मिळावं. त्यात सोनं आहे आणि माती आहे, दोन्ही. म्हणून खाली 'कन्जुल उम्माल' लिहिलंय एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. माल गोदामात आहे, एवढंच कळतं. त्याची प्रत कळत नाही. याच अली मुत्तकींचे शिष्य मुहंमद ताहिर, गुजरातेतल्या पाटणचे (निधन १५७८). त्यांनी बनावट वचनांचा संग्रह केला, 'तजकिरतुल मौजूआत', लोकांनी ओळखून दूर राहावं म्हणून. गुरूने रास घातली आणि शिष्याने सूप घेतलं. तुमसरच्या धानबाजारात उभं राहिलेल्या माणसाला याहून वेगळं समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट, निकालाचे शब्द नीट वाचा. सहीह ठरायला पाच अटी लागतात: साखळी सलग हवी, प्रत्येक रावी सचोटीचा हवा, त्याची पकड पक्की हवी, अधिक भरवशाच्या लोकांच्या विरोधात जाणारं काही नको, आणि जाणकारालाच दिसेल असा छुपा दोष नको. पकड थोडी सैल पण बाकी ठीक असेल तर 'हसन'; तीही चालते. साखळी तुटली किंवा रावी कच्चा असला तर 'जईफ'. घडवलेली ती 'मौजू'. 'ला अस्ल लहू' असा शेरा असेल तर समजा की साखळीच नाही, बेवारस कागद. सर्वांत फसवा शेरा आहे 'याचे रावी विश्वासार्ह आहेत' हा. वाचणाऱ्याला वाटतं, झालं, सहीह. तसं नसतं. माणसं चांगली आहेत एवढंच लिहिणाऱ्याने सांगितलं. ती एकमेकांना भेटली होती का, हे त्याने सांगितलेलं नाही.

भेटले होते का, हा प्रश्न तारखांनी सुटतो. इमाम मालिक, नाफे यांच्याकडून, नाफे अब्दुल्लाह बिन उमर यांच्याकडून, ही साखळी बुखारींनी सर्वोत्तम मानली आणि लोक तिला सोन्याची साखळी म्हणू लागले. तपासून बघा. इब्न उमर हिजरी ७३ च्या सुमारास वारले. नाफे त्यांनी मुक्त केलेला गुलाम, वर्षानुवर्षं त्यांच्याच घरात. नाफे हिजरी ११७ ला गेले. मालिक यांचा जन्म हिजरी ९३ चा, म्हणजे नाफे गेले तेव्हा मालिक चोवीस वर्षांचे, आणि दोघं मदिनेतच. बसतंय.

आता न बसणारं. इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग नोंदवला आहे. मुअल्ला बिन उर्फान नावाच्या एकाने अबू वाइल यांच्या हवाल्याने सांगितलं की सिफ्फीनच्या लढाईत सहाबी इब्न मसऊद आमच्यासमोर आले. ऐकणारे अबू नुऐम म्हणाले, म्हणजे मेल्यावर परत उठून आले म्हणायचं? कारण सिफ्फीनची लढाई हिजरी ३७ ची आणि इब्न मसऊद हिजरी ३२ च्या सुमारासच गेलेले. नोकरीत असताना माझ्यासमोर एक खरेदीखत आलं होतं. त्यावर अंगठा असलेला माणूस दस्ताच्या दोन वर्षं आधीच वारलेला, आणि मृत्यूची नोंदही आमच्याच दफ्तरात. तेव्हा मला मुस्लिम यांची ही प्रस्तावना ठाऊक नव्हती. नाहीतर मीही तेच वाक्य टाकलं असतं.

हे चरित्रकोश, या साखळ्या कुठे दूर अरबस्तानात छापल्या गेल्या असं तुम्हाला वाटेल. बराच माल आपल्या अंगणातला आहे. हैदराबादची दाइरतुल मआरिफ ही संस्था १८८८ ची. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. इब्न हजर यांचा रावींवरचा बारा खंडांचा 'तहजीबुत तहजीब' विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथून छापून निघाला आणि पुढे जगभर त्याच आवृत्तीचे हवाले चालले. अब्दुल्लाह बिन मुबारक (निधन ७९७) म्हणत की सनद हा धर्माचाच भाग आहे, ती नसती तर ज्याच्या मनात जे येईल ते तो बोलला असता. त्यांचा 'किताबुज जुह्द' हबीबुर्रहमान आजमी यांनी हस्तलिखितांवरून संपादित केला आणि १९६६ मध्ये तो प्रसिद्ध झाला मालेगावहून. यंत्रमागांच्या खडखडाटात. दुसरं यंत्रमागांचं गाव भिवंडी. दमास्कसचे मिज्जी (निधन १३४१) यांनी सहा संग्रहांतल्या सगळ्या सनदींची सूची केली होती, 'तुहफतुल अशराफ'. कोणत्या सहाबीकडून कोणी ऐकलं आणि ते कोणत्या ग्रंथात कुठे आहे, हे त्यात अकारविल्हे लागतं. जणू सहा गावांची एकत्र फेरफार नोंदवही. अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी १९६० च्या दशकापासून भिवंडीच्या अद्दारुल कय्यिमामधून ती खंडाखंडाने छापली. आज अमेरिकेतला प्राध्यापकही तळटिपेत 'भिवंडी' लिहितो.

आता खोट्या वचनांकडे. लोकांना वाटतं ती इस्लामच्या शत्रूंनी घातली. काहींनी घातलीही. पण जास्त त्रास दिला भल्या माणसांनी. नूह बिन अबी मर्यम याने कुरआनच्या एकेका सूरतीचे फायदे सांगणारी वचनं रचली. का, असं विचारल्यावर म्हणाला, लोक फिक्ह, म्हणजे धर्मकायदा, आणि लढायांच्या गोष्टींत गुंतले, कुरआनकडे वळावेत म्हणून केलं. दुसऱ्या टोकाला खुशमस्करे होते. अब्बासी खलिफा महदीला कबुतरांचा शौक. शर्यत फक्त बाणांची, उंटांची आणि घोड्यांची लावावी, अशी हदीस आहे. गियास बिन इब्राहीम दरबारात आला, कबुतरं पाहिली आणि त्या यादीत पंखवाल्यांची भर घालून हदीस सांगितली. महदीने त्याला बक्षीस दिलं. तो पाठ फिरवून निघाला तेव्हा महदी म्हणाला, ही मान खोटारड्याची आहे. आणि आपल्यामुळे हे घडलं म्हणून ती कबुतरं कापायला लावली. बक्षीस का दिलं हे मला अजून उमगलेलं नाही.

हेतू चांगला आणि वाक्य चांगलं, म्हणून हदीस खरी, ही आपली आजची चूकही तीच. दर १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात कोणीतरी सांगतं की देशप्रेम हा ईमानचा भाग असल्याची हदीस आहे. लाहोरला जन्मलेले सगानी (११८१–१२५२) यांनी हे वाक्य बनावटींच्या यादीत टाकून पावणेआठशे वर्षं झाली. ते मोठे हदीसतज्ज्ञ होते; त्यांचा 'मशारिकुल अनवार' निजामुद्दीन अवलिया यांनीही अभ्यासला होता. मग देशप्रेम इस्लामला नामंजूर आहे का? मुळीच नाही. बुखारीत अनस यांची हदीस आहे की प्रवासाहून परतताना मदिना दिसू लागली की पैगंबर आपल्या उंटिणीला टाच मारत, तिला पळवत. त्या गावावरच्या मायेपोटी. वैनगंगेचा पूल दिसला की बसमध्ये उठून उभे राहणारे आपण. आपल्याला हे लगेच कळतं. भाषणाला हे वापरा. आईच्या पायाखाली स्वर्ग, हे वाक्य त्या शब्दांत कमजोर आहे, पण नसाईत मुआविया बिन जाहिमा यांनी सांगितलेला प्रसंग आहे: युद्धावर जायचं म्हणून विचारायला आलेल्याला पैगंबरांनी आईजवळ राहायला सांगितलं, जन्नत तिच्या पायापाशी आहे म्हणून. ती ग्राह्य आहे. बहुतेक वेळा असं होतं. खोट्याच्या जवळच खरं असतं आणि ते अधिक जिवंत असतं, त्यात माणूस असतो, उंटीण असते.

मोबाईलवर येणाऱ्या मालाला सनद शोधायचीही गरज नसते, वासच येतो. इब्न कय्यिम (निधन १३५०) यांनी बनावटीच्या खुणा लिहून ठेवल्या, त्यात पहिली म्हणजे चिमूटभर कामाला पोतंभर बक्षीस. रमजानची बातमी जो सर्वांत आधी देईल त्याला जहन्नमची आग हराम, हे दरवर्षी शाबान महिन्यात येतं. कोणत्याही मान्य ग्रंथात ते नाही. आणि मदिनेच्या शेख अहमदांना पडलेलं स्वप्न, इतक्या प्रती छापून वाटा नाहीतर नुकसान होईल, हे पत्रक माझ्या लहानपणी छापील यायचं, हल्ली फोटो येतो. एकोणिसाव्या शतकातही ते फिरत होतं. शेख अहमदांचं वय एव्हाना किती झालं असेल याचा हिशेब कोणी करत नाही.

जईफ म्हणजे कचरा नाही, हेही लक्षात असू द्या. नमाज, दुआ, दान यांची गोडी लावणाऱ्या वचनांत अनेक आलिमांनी जईफ हदीस चालवून घेतली, पण इब्न हजर यांच्या अटींवर: फार कमजोर नसावी, शरीयतच्या ठरलेल्या तत्त्वात बसावी, आणि पैगंबरांनी हे निश्चित सांगितलं असा विश्वास धरू नये. तिसरी अट आपण विसरतो. हलाल-हराम, लग्न-तलाक, वारसा अशा बाबींत तर जईफचा आधार चालतच नाही.

फक्त साखळी बघायची, मजकूर बघायचाच नाही, असाही समज आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी तो कधीच मोडून काढला. घरच्यांच्या रडण्याने मृताला शिक्षा होते, असं इब्न उमर सांगत. आयेशा म्हणाल्या, ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांची ऐकण्यात चूक झाली. तो एका वेगळ्या स्त्रीबद्दलचा प्रसंग होता. आणि एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाही, हे कुरआन सांगतंच. त्यांच्या अशा दुरुस्त्यांचं जरकशी (निधन १३९२) यांनी पुस्तकच केलं.

विदर्भातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. रिद्धपुरात म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, ज्याने पाहिलं-ऐकलं त्याच्या तोंडून, आणि नागदेवाचार्यांच्या नजरेखालून घातल्या. पुढे पोथी हरवली, आठवणीतून पुन्हा बांधली, तेव्हा कोणाच्या पाठात काय आहे हे महानुभावांनी नावानिशी जपलं. पंथ वेगळा, श्रद्धा वेगळी, पण 'कोणी सांगितलं?' हा प्रश्न तोच.

मी लिहिलं ते सुन्नी परंपरेबद्दल. शिया बांधवांचे ग्रंथ वेगळे, कुलैनींचा 'अल-काफी' वगैरे, आणि रावी पारखण्याचे त्यांचे निकषही वेगळे. विद्यापीठातले इतिहासकार आणखी वेगळ्या नजरेने बघतात. गोल्डजिहर, शाख्त यांनी सनदींवरच शंका घेतली, मोत्स्की यांनी त्या शंकांवर शंका घेतली. तो वाद वाचण्यासारखा आहे, पण फ्लेक्स छापण्याआधी तो मिटवायची गरज नाही.

तुम्ही काय करायचं? निकाल देऊ नका. 'ही हदीस खोटी आहे' हे माझ्यासारख्याने म्हणणं आणि 'खरी आहे' म्हणणं, दोन्ही सारखंच धाडस. पत्ता विचारा. मिळाला नाही तर पुढे पाठवू नका. ऐकलेलं सगळं सांगत सुटणं हेच माणसाच्या खोटेपणाला पुरेसं आहे, या अर्थाची हदीस मुस्लिम यांनी प्रस्तावनेतच घेतली आहे, ती याचसाठी. मौलानासाहेबांना विचारताना 'हे खरं आहे का?' असं विचारू नका, ते घाईत मान हलवतील. कागदावर शब्द लिहून द्या आणि विचारा, 'हजरत, याची तखरीज सांगाल का? कोणत्या किताबात आहे आणि मुहद्दिसांनी काय दर्जा दिलाय?' दारुल इफ्तामध्ये, म्हणजे फतवा देणाऱ्या कचेरीत, लेखी सवाल देता येतो, उत्तर लेखी मिळतं. आणि चुकीचं पाठवणारे चाचा किंवा खाला असतील तर गटात सगळ्यांसमोर दुरुस्ती करू नका. फोन करा. तब्येत विचारा. मग खरी हदीस सांगा, आणि आधीची त्यांनीच काढावी.

या वर्षीच्या मेळाव्याचा फ्लेक्स मी स्वतः लिहून दिला. किताबुल इजारामधली हदीस, तीन माणसांची, वादी अल्लाह असलेली. खाली पूर्ण पत्ता. दुकानातल्या पोराने मजकूर बघितला आणि म्हणाला, "काका, एवढं बसत नाही. खालचं बारीक करू का काढूनच टाकू?"

वरचं बारीक कर म्हटलं.